लाइट आली, सर्व्हर उठले, पण केव्हीएमच्या वेब पानावर ‘नो सिग्नल’: दर वेळी तेच का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

लक्षण ओळखीचं आहे. सर्व्हरांचा रॅक नागपूरजवळ हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत, सर्व्हर सांभाळणारा माणूस धरमपेठेत नाहीतर मनीषनगरात. वादळ येतं, लाइट जाते, यूपीएस संपतो, तासाभराने लाइट येते. सगळं आपोआप सुरू होतं. केव्हीएमचं, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा पाहायला आणि कीबोर्ड-माऊस चालवायला लावलेल्या डब्याचं, वेब पान उघडतं, पासवर्ड घेतं, पोर्टांची यादी दाखवतं. पोर्ट ३ वर क्लिक केलं की काळा पडदा आणि मधोमध ‘नो सिग्नल’. वेब पानावरूनच केव्हीएम रीबूट केला तरी काही फरक नाही. शेवटी कुणाला तरी गाडीवर पिटाळायचं, त्याने सर्व्हरचं बटन दाबून बंद-चालू करायचं, की चित्र येतं. पुढच्या वादळात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी केव्हीएम बदलून पाहणारे बरेच. नवा केव्हीएमही पुढच्या वादळात तेच करतो, कारण सामान धडधाकट असतं. कोण आधी उठलं आणि कोण नंतर, एवढाच घोळ असतो.

आधी काळा पडदा कोणता ते ठरवा

‘नो सिग्नल’ ही अक्षरं केव्हीएम स्वतः काढतो. ती तुमच्या ब्राउझरात दिसली याचा अर्थ तुमच्यापासून केव्हीएमपर्यंतचा रस्ता ठीक आहे; राउटर, व्हीपीएन, फायरवॉल यांच्या मागे लागू नका. दोष केव्हीएम आणि सर्व्हरच्या मध्ये आहे. अक्षरंच नाहीत, नुसती पांढरी किंवा काळी चौकट आणि गोल गोल फिरणारं चिन्ह, तर मामला नेटवर्कचा आहे; तो खाली वेगळा दिला आहे. ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर सिग्नल पोचतोय पण केव्हीएमला झेपत नाही. सर्व्हरवर १९२० × १०८० ला ७५ हर्ट्झ लावलेलं असतं आणि केव्हीएम ६० च्या वर घेत नाही, हे नेहमीचं.

चौथी शक्यता सगळ्यात स्वस्त: सर्व्हरने पडदा झोपवला आहे. चौकटीत क्लिक करून शिफ्ट एकदा दाबा, पाच सेकंद थांबा, पुन्हा एकदा दाबा. एंटर किंवा स्पेस दाबू नका. न दिसणाऱ्या पडद्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न उभा असेल तर तुम्ही त्याला हो म्हणून बसाल. कंट्रोल दोनदा किंवा स्क्रोल लॉक दोनदा हे बऱ्याच केव्हीएमच्या स्वतःच्या मेनूचे शॉर्टकट असतात, तेही टाळा. शिफ्ट मात्र भराभर पाच वेळा दाबू नका, विंडोज स्टिकी कीजची खिडकी उघडून बसतं.

एवढ्यानेही चित्र आलं नाही तर सर्व्हर जिवंत आहे का ते दुसऱ्या वाटेने पाहा: पिंग, एसएसएच, रिमोट डेस्कटॉप. तो उत्तर देत असेल तर चित्रासाठी रीबूट करायची घाई नको.

मुळात होतं काय

ग्राफिक्स कार्ड चालू होताना पलीकडच्या मॉनिटरला विचारतं, तू कोण आणि तुला काय झेपतं? मॉनिटर १२८ बाईटचा एक छोटा तक्ता परत देतो. यालाच ईडीआयडी म्हणतात. त्यात कंपनीचं नाव, मॉडेल, चालणारी रिझोल्युशन असतात. केव्हीएम हा सर्व्हरच्या नजरेत मॉनिटरच, त्यामुळे हे उत्तर त्याने द्यायचं असतं.

लाइट आल्यावर सर्व्हर आणि केव्हीएम एकाच क्षणी उठायला लागतात. केव्हीएमच्या आत एक छोटा लिनक्स संगणक असतो. त्याला पूर्ण जागं व्हायला मिनिटभर, कधी दोन मिनिटं लागतात. तोवर सर्व्हरचा प्रश्न विचारून झालेला असतो. उत्तर आलं नाही म्हणून कार्डाने ठरवून टाकलं, मॉनिटर नाही. पुष्कळ कार्डं आणि ड्रायव्हर हा प्रश्न पुन्हा विचारत नाहीत. म्हणून नंतर केव्हीएम दहा वेळा रीबूट केला तरी चित्र येत नाही, आणि सर्व्हर रीबूट केला की लगेच येतं.

दोन रचनांत फरक आहे, तो समजून घ्या. पहिल्या रचनेत प्रत्येक सर्व्हरच्या मागे एक डोंगल असतं, म्हणजे छोटा जोडतुकडा, व्हीजीए (मॉनिटरचं जुनं १५ पिनांचं पोर्ट) आणि यूएसबीत खोचलेला, आणि तिथून नेटवर्कची असते तशी केबल केव्हीएमपर्यंत जाते. डोंगलला वीज सर्व्हरच्या यूएसबीतून मिळते आणि ईडीआयडी बहुधा डोंगलमध्येच साठवलेला असतो, म्हणून इथे त्रास कमी. दुसरी रचना छोट्या ऑफिसांत जास्त दिसते: चार किंवा आठ पोर्टांचा साधा एचडीएमआय स्विच, आणि त्याच्या आउटपुटला एकच आयपी केव्हीएम, म्हणजे नेटवर्कवरून चालणारा. स्वस्तातला स्विच ईडीआयडी फक्त निवडलेल्या पोर्टाला पोचवतो. बाकीच्या सर्व्हरांना पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही.

याची खूण पक्की आहे. वीज आल्यावर असा स्विच स्वतःहून पोर्ट १ वर उभा राहतो. म्हणून पोर्ट १ चा सर्व्हर दर वेळी दिसतो आणि २, ३, ४ रुसून बसतात. तुमच्याकडे हेच चित्र असेल तर पुढे फार शोधाशोध करायची गरज नाही.

सर्व्हर बोर्डावर एस्पीडसारखी ग्राफिक्स चिप असेल तर ती ईडीआयडी नसतानाही सहसा साधा पडदा देतेच, फार तर १०२४ × ७६८ वर अडकते. नखरे करतात ती टॉवर मशीन आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेली वर्कस्टेशनं. टॅलीसाठी किंवा सीसीटीव्ही रेकॉर्डिंगसाठी डेस्कटॉपलाच सर्व्हर केलेलं असतं, तिथे ही तक्रार हमखास.

कुणाला न पाठवता चित्र परत आणणं

चित्र नसलं तरी कीबोर्ड बहुतेक वेळा पोचत असतो. विंडोज १० किंवा त्यानंतरचं असेल तर व्ह्यूअरच्या (ब्राउझरात सर्व्हरचं चित्र दाखवणाऱ्या खिडकीच्या) मॅक्रो मेनूतून विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी एकत्र पाठवा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि तो मॉनिटरला पुन्हा विचारतो. तुमच्या स्वतःच्या कीबोर्डवर दाबाल तर तुमच्याच लॅपटॉपचा ड्रायव्हर रीसेट होईल, म्हणून मॅक्रोच वापरा.

लिनक्सवर एसएसएचने आत जा. ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘डीआरएम’. तिथे प्रत्येक व्हिडिओ पोर्टाचा एक फोल्डर असतो, कार्डाचा क्रमांक आणि पोर्टाचं नाव जोडून. त्यातली ‘स्टेटस’ फाईल वाचा. ‘डिसकनेक्टेड’ असेल तर रूट (पूर्ण अधिकाराचा यूजर) होऊन त्याच फाईलमध्ये ‘डिटेक्ट’ हा शब्द लिहा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुन्हा चाचपणी करतं. तरी नाही जमलं तर ‘ऑन’ लिहा, म्हणजे मॉनिटर असो-नसो, पोर्ट चालू. शेजारीच ‘ईडीआयडी’ नावाची फाईल असते. फोल्डरच्या यादीत तिचा आकार नेहमी शून्यच दिसतो, त्याला फसू नका. ती वाचून बाईट मोजा. १२८ किंवा २५६ आले तर ईडीआयडी पोचला; खरोखरच शून्य आले तर नाही.

सर्व्हरला स्वतःचा आयड्रॅक किंवा आयएलओ (सर्व्हरच्या आतच बसवलेली दुरून चालवण्याची सोय) असेल तर आधी तिथला कन्सोल उघडा. तो चिपच्या आतूनच चित्र उचलतो, केबलशी त्याचा संबंध नाही. तिथे दिसतंय आणि केव्हीएमवर नाही, म्हणजे दोष केबल, डोंगल किंवा ईडीआयडी यांपैकी एकात.

कायमचा उपाय

पहिला उपाय फुकट आहे: केव्हीएम आधी, सर्व्हर नंतर. एका सुट्टीच्या दिवशी केव्हीएमचा प्लग काढा, परत लावा आणि घड्याळ लावून मोजा, लॉगिनचं पान उघडायला किती सेकंद लागले. समजा ९० लागले. त्यात ३० मिळवा. सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज-लिनक्सच्या आधी उठणाऱ्या सेटिंगच्या मेनूत, वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. चांगल्या सर्व्हरांत त्याच्याच खाली उशिराची सेटिंगही असते, ती १२० सेकंद करा. डेस्कटॉप बोर्डांत सहसा उशीर देता येत नाही. तिथे प्रत्येक सॉकेटला वेगळा उशीर देणारा पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) लागतो, किंवा आपोआप चालू होणं बंद करून नेटवर्कवरून जागं करण्याची सोय लावावी लागते. पीडीयू असेल तर सर्व्हरांमध्येही दहा-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. सगळ्या पॉवर सप्लायचा पहिला झटका एकदम बसला की एमसीबी पडतो, आणि मग खरंच गाडी काढावी लागते.

याहून बरं म्हणजे केव्हीएम बंदच पडू न देणं. केव्हीएम, नेटवर्क स्विच आणि फायबरचा डबा या तिघांना सर्व्हरांपासून वेगळा छोटा यूपीएस द्या. तिघांचा मिळून भार ३० वॉटच्या आसपास धरला, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर ८४ वॉट-तास असतात. रूपांतरातला तोटा आणि बॅटरीचं वय वजा जाता तासभर निघतो. पण सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचा हिशेब २५ अंशांवरचा असतो, आणि त्यावर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या बॅटरीकडून पाच वर्षांची अपेक्षा करू नका.

क्रम सुधारला तरी निवडलेल्या पोर्टालाच ईडीआयडी देणारा स्विच असेल तर रडगाणं सुरूच राहतं. त्याला दोन इलाज. स्विच किंवा आयपी केव्हीएमच्या सेटिंगमध्ये ईडीआयडी कायम ठेवण्याचा पर्याय असतो, कुठे त्याला ‘फिक्स्ड’ म्हणतात, कुठे ‘इम्युलेशन’. तो सगळ्या पोर्टांना चालू करा आणि १९२० × १०८०, ६० हर्ट्झ किंवा त्याहून कमी ठेवा. असा पर्यायच नसेल तर प्रत्येक सर्व्हरच्या एचडीएमआय पोर्टात ईडीआयडी इम्युलेटर बसवा: अंगठ्याएवढा तुकडा, एका बाजूने सर्व्हरमध्ये, दुसऱ्या बाजूने केबल. घेताना नीट सांगा. दुकानदार ‘डमी प्लग’ काढून देतो. तो सर्व्हरला फसवतो खरा, पण त्याच्या पुढे केबल जोडायला जागाच नसते. आपल्याला आरपार जाणारा हवा.

हे दोन्ही जमत नसेल तर लिनक्सवर कर्नलच्या ओळीतच सक्ती करता येते. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ’ हा पॅरामीटर, त्यापुढे पोर्टाचं नाव, रिझोल्युशन, ६० हर्ट्झ आणि अगदी शेवटी इंग्रजी ‘ई’ हे अक्षर. तो ‘ई’ म्हणजेच सक्तीने चालू. ग्रबची फाईल पुन्हा तयार करायला विसरू नका. ते विसरलं जातं आणि दोष पॅरामीटरला मिळतो.

केबल: बाराव्या आणि पंधराव्या पिनेची गोष्ट

क्रम बरोबर, सेटिंग बरोबर, तरी एकच सर्व्हर अडतोय, तर त्याची व्हीजीए केबल काढून तोंडाकडून पाहा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी. तिसऱ्या ओळीत ११ ते १५. ईडीआयडीचा डेटा १२ वर येतो आणि त्याचं क्लॉक १५ वर. ४, ९ किंवा ११ या जागी पीन नसली तरी सहसा चालून जातं, आणि बऱ्याच केबलींत ती नसतेच. १२ किंवा १५ नसली तर ती केबल प्रोजेक्टरला चालेल, इथे नाही. पीन दिसते म्हणून आत तार असेलच असंही नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकाची १२ दुसऱ्या टोकाच्या १२ शी लावून पाहा, मग १५. बीप आला नाही तर केबल बाजूला ठेवा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच परत कुणाच्या तरी हाती येते.

एचडीएमआयमध्ये हेच काम १५ आणि १६ क्रमांकाच्या पिना करतात. १८ वर पाच व्होल्ट आणि १९ वर ‘मी आलो’ ही खूण. ते डोळ्यांनी तपासणं अवघड, केबल बदलून पाहणंच सोपं.

डोंगल ते केव्हीएम या केबलचं वेगळं. ती दिसते नेटवर्क केबलसारखी, पण तिच्यातून नेटवर्क जात नाही. ती चुकून नेटवर्क स्विचमध्ये, त्यातही पीओईच्या (केबलमधूनच वीज देणाऱ्या) पोर्टात खोचली तर डोंगल जळू शकतं. तिचा रंग वेगळा ठेवा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बंडलांत बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध जास्त, म्हणून लांब अंतरावर चित्र पुसट होतं किंवा यूएसबी मध्येच सुटतं. बंडल घेताना टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या. ॲनालॉग चित्रात अक्षरांना लाल-निळी सावली दिसत असेल तर रंग वाहून नेणाऱ्या जोड्यांची लांबी सारखी नाही. कॅट ६ मध्ये प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो, त्यामुळे महाग केबल लावून सावली वाढल्याचंही दिसतं. साधी शुद्ध तांब्याची कॅट ५ई इथे जास्त बरी.

चित्र आलं, पण कीबोर्ड मेला

केव्हीएमच्या मेनूत यूएसबी रीसेट किंवा पुन्हा जोडण्याचा पर्याय असतो, आधी तो. विंडोज-लिनक्समध्ये कीबोर्ड चालतो आणि बायोसमध्ये नाही, असं असेल तर व्हर्च्युअल मीडिया (केव्हीएमने सर्व्हरला दाखवलेली खोटी डिस्क) बंद करून पाहा. तो चालू असताना केव्हीएम कीबोर्ड, माऊस आणि डिस्क अशा तीन रूपांत एकदम पुढे येतो आणि जुनं बायोस गोंधळतं. बायोसमधला लेगसी यूएसबी सपोर्ट चालू हवा, आणि डोंगल शक्यतो निळ्या यूएसबी ३ ऐवजी काळ्या यूएसबी २ पोर्टात. माऊसचे दोन बाण पळापळी करत असतील तर केव्हीएममध्ये माऊस ‘ॲब्सोल्यूट’ करा. ते जमत नसेल तर विंडोजमधली पॉइंटरची अचूकता वाढवणारी खूण काढा.

वेब पानच उघडत नाही, किंवा उघडून अडकतं

लाइट गेल्यावर पान सापडतच नसेल तर बहुधा आयपी बदलला. राउटरच्या आधी केव्हीएम उठला, पत्ता मिळाला नाही, आणि तो १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जाऊन बसला किंवा कंपनीच्या मूळ पत्त्यावर परतला. केव्हीएमला स्थिर पत्ता द्या, तोही राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा.

पान उघडतं पण ब्राउझर प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणतो, तर केव्हीएमचं घड्याळ पाहा. आतली बटन बॅटरी संपली की प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तारीख १९७० किंवा २००० ला जाते, आणि केव्हीएमने त्या तारखेने स्वतःचं प्रमाणपत्र बनवलं तर त्याची मुदत आजच्या हिशेबाने संपलेली असू शकते. बॅटरी बदला आणि वेळ नेटवर्कवरून घ्यायला लावा.

जुन्या केव्हीएमचं दुखणं वेगळं. त्यांचा व्ह्यूअर जावाचा असतो. क्रोमने जावाचं प्लगइन २०१५ मध्ये काढून टाकलं, जावा ११ मधून २०१८ ला वेब स्टार्टही (जावाचे प्रोग्राम वेब पानावरून सुरू करण्याची सोय) गेलं, आणि २०२० मध्ये ब्राउझरांनी टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० आणि १.१ ला रामराम ठोकला. अशा केव्हीएमसाठी जावा ८ आणि जुना फायरफॉक्स ईएसआर ५२ टाकलेलं एक व्हर्च्युअल मशीन वेगळं ठेवा, त्यावरून इंटरनेट बंद, फक्त केव्हीएमच्या नेटवर्कपुरतं. रोजच्या लॅपटॉपची सुरक्षा ढिली करून हे काम भागवू नका. आणि केव्हीएम जुना असो की नवा, राउटरमध्ये पोर्ट उघडून तो थेट इंटरनेटवर टांगू नका. त्यातून आत आलेला माणूस सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसल्यासारखाच असतो. व्हीपीएनमधूनच जा.

व्हीपीएनमधून लॉगिन होतं, पोर्टांची यादी येते, पण व्हिडिओची चौकट अक्षरांशिवाय रिकामी राहते, हा सुरुवातीला बाजूला ठेवलेला प्रकार. छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) जोडणीवर १५०० ऐवजी १४९२ बाईट मिळतात आणि वायरगार्ड हे व्हीपीएन त्यातले आणखी ८० पर्यंत खातं. म्हणजे १४१२ उरले, आणि वायरगार्डची नेहमीची सेटिंग १४२० ची. दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४१२ करा. जोडणी बेभरवशाची असेल तर १३८० वर निवांत राहा. तपासायला व्हीपीएनच्या बोगद्यातून तुकडे न करण्याच्या अटीवर १३८४ बाईटचं पिंग टाका. २८ बाईट हेडरचे धरून बरोबर १४१२ होतात. ते गेलं तर रस्ता मोकळा. तरीही चौकट रिकामीच राहिली तर व्हिडिओसाठीचा पोर्ट फायरवॉलमध्ये अडलाय. बऱ्याच केव्हीएमना ४४३ शिवाय दुसरा पोर्ट लागतो, पुष्कळदा ५९००; नेमका कोणता ते सेटिंगच्या पानावर दिलेलं असतं.

नागपूरपुरतं थोडं

सर्व्हरच्या खोलीत डेझर्ट कूलर लावू नका. ऑफिसात गारवा मिळतो म्हणून कुणीतरी तो रॅककडे वळवतोच. ओली हवा आणि धूळ मिळून जॅकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, आणि मग जून-जुलैत एखादं पोर्ट कधी दिसतं, कधी नाही. असा जॅक काढून-लावून लगेच सुधारतो, त्यावरून तो ओळखा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बऱ्याच केव्हीएमच्या माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते, आणि रॅकच्या मागच्या बाजूची हवा खोलीपेक्षा बरीच गरम असते. थर्मामीटर तिथे टांगा, दाराजवळ नाही.

अर्थिंगचंही तसंच. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थपिटचा रोध वाढतो, आणि दोन वेगळ्या अर्थिंगवरचे रॅक व्हीजीएच्या केबलने जोडलेले असतील तर फरकाचा प्रवाह त्या केबलच्या आवरणातून वाहतो. पडद्यावर हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे दिसले की हेच समजा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग डोंगल. पिटात पाणी आणि दोन्ही रॅकना एकच अर्थ, हे मेच्या आधी उरकून घ्या.

सगळं बसवल्यावर मेन स्विच खरोखर पाडून पाहा, दहा मिनिटं थांबा, चालू करा आणि जागेवरून न हलता वेब पानावरून प्रत्येक पोर्ट उघडा, पोर्ट १ सगळ्यात शेवटी. प्रत्येक पोर्टावर शिफ्ट एकदा, चित्र आलं का, कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का, एवढंच वहीत लिहा. एखादं पोर्ट अडलं तर त्याच दिवशी केबल बदला, कारण त्या दिवशी तुम्ही रॅकपाशी उभे असता.